फोटो काढला, गोष्ट ठेवली

मुक्त सॉफ्टवेअरवर बोलायला कुणी बोलावलं की माझी पहिली स्लाइड ठरलेली असायची. मानेवर रुळणारे केस, छातीपर्यंत आलेली दाढी, रोखून बघणारे डोळे. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन. मुलं आधी त्या दाढीकडे बघून हसायची आणि मग मी त्यांना प्रिंटरची गोष्ट सांगायचो.

गोष्ट १९८० च्या सुमाराची. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर भेट मिळाला. छापायचा झपाट्याने, पण मध्येच कागद अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यावर. छापायला टाकून बऱ्याच वेळाने आणायला जावं, तर काम कधीचं खोळंबलेलं. आधीच्या प्रिंटरचीही हीच रड होती, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, प्रयोगशाळेच्या हातात होता. स्टॉलमन यांनी त्यात थोडी भर घातली होती. कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप झळकायचा आणि कुणीतरी उठून कागद सोडवून यायचं. नव्या प्रिंटरबरोबर सोर्स कोड आलाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो आहे असं कळलं म्हणून स्टॉलमन त्याच्याकडे गेले. त्याने नाही म्हटलं. कोड कुणालाही दाखवणार नाही, असं तो कबूल करून बसला होता.

इथे मी जरा थांबायचो. एक माणूस शेजारधर्म म्हणून मागतोय, दुसरा देऊ शकतो, पण देत नाही, कारण त्याने आधीच आपले हात बांधून घेतलेत. एवढं समोरच्यांच्या मनात उतरलं की पुढचं भराभर सांगता यायचं. २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू प्रकल्पाची, म्हणजे पूर्णपणे मुक्त अशी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) उभी करण्याच्या कामाची, घोषणा. जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडून प्रत्यक्ष कामाला सुरुवात. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही चळवळीची संस्था. १९८९ मध्ये जीपीएल हा सॉफ्टवेअरबरोबर जाणारा परवाना. वापरा, वाचा, बदला, वाटा. आणि वाटाल तेव्हा समोरच्यालाही हेच हक्क द्या. (इंग्रजीतल्या 'फ्री' चा अर्थ फुकट नव्हे, हे समजावण्यात स्टॉलमन यांची कित्येक वर्षं गेली. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. आपल्या भाषेने तो घोळ मुळातच होऊ दिलेला नाही, याचा मला बोलताना दर वेळी आनंद होतो.)

असंच एकदा बोलून झालं. मुलं पांगली आणि मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होतो. एक मुलगी थांबली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असेल.

"सर, प्रिंटरची गोष्ट मी आधी वाचली होती. तीच ऐकायला आले होते," ती म्हणाली. "पण त्यांच्याबद्दल पुढचंही वाचलंय. ते तुम्ही सांगितलं नाहीत."

मी म्हणालो, "त्याचा या विषयाशी तसा संबंध नाही."

"पण फोटो तुम्हीच लावलात ना, सर?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होती. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, ती "थँक्यू सर" म्हणून निघून गेली. गेली तीन वर्षं मी त्या वाक्याला मनातल्या मनात उत्तरं देतोय. हा लेख त्यातलंच एक.

आधी ते 'पुढचं' सांगतो, कारण अर्धवट सांगण्याची चूक मला पुन्हा करायची नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेल्या जेफ्री एपस्टीन या अमेरिकी धनाढ्याच्या प्रकरणाचे धागे एमआयटीपर्यंत पोचले होते. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक, मार्विन मिन्स्की, २०१६ मध्येच वारले होते. एका पीडितेच्या जबानीत त्यांचं नाव आलं होतं. स्टॉलमन यांनी सहकाऱ्यांना ईमेल लिहून मिन्स्कींची बाजू घेतली. बातम्यांच्या मथळ्यांनी त्या ईमेलचा विपर्यास केला, हे मला मान्य आहे. ती पीडित मुलगी राजीखुशीने आली होती, असं ते म्हणाले नव्हते. तिच्यावर बळजबरी झाली असली तरी मिन्स्कींसमोर तिने ते दिसू दिलं नसावं, असा त्यांचा तर्क होता. पण मथळे बाजूला ठेवून मूळ ईमेल वाचली तरी पोटात तुटतं. एका शोषित अल्पवयीन मुलीबद्दल बोलणं चाललंय आणि आपला माणूस 'लैंगिक अत्याचार' या शब्दाच्या व्याख्येवर वाद घालतोय. त्याच दिवसांत त्यांची जुनी लिखाणं वर आली, प्रौढ आणि मुलांमधल्या लैंगिक संबंधांविषयीची. त्याबाबत आपलं मत चुकीचं होतं, त्यातून मुलांना इजा होते हे आता समजलं, असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं. त्यांच्या वागण्यामुळे आपल्याला कसं अवघडून जायला व्हायचं, हे काही स्त्रियाही उघडपणे बोलल्या. १६ सप्टेंबरला त्यांनी एमआयटीतलं पाहुण्या संशोधकाचं पद सोडलं, फाउंडेशनचं अध्यक्षपद आणि संचालक मंडळही सोडलं. ग्नू प्रकल्पाचं प्रमुखपद मात्र सोडलं नाही.

दीड वर्षाने, २१ मार्च २०२१ ला, फाउंडेशनच्या वार्षिक परिषदेतल्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की आपण मंडळावर परतलो आहोत आणि पुन्हा राजीनामा द्यायचा आपला विचार नाही. ज्या कर्मचाऱ्यांनी ती परिषद भरवली होती त्यांनाही ही बातमी जगाबरोबरच कळली. अख्ख्या मंडळाने पायउतार व्हावं, अशा खुल्या पत्रावर तीन हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यांच्या पाठिंब्याच्या पत्रावर सहा हजारांहून जास्त. मुक्त सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या रेड हॅट कंपनीने फाउंडेशनला दिला जाणारा पैसा थांबवला. एप्रिलमध्ये मंडळाने निवेदन काढलं: त्यांच्या शहाणपणाची उणीव भासत होती म्हणून परत आणलं, बातमी ज्या तऱ्हेने बाहेर गेली त्याची जबाबदारी मात्र आमची. त्याच दिवशी स्टॉलमन यांचंही निवेदन आलं. किशोरवयापासून आपण आणि आपल्या वयाची माणसं यांच्यामध्ये पडदा असल्यासारखं वाटत आलंय, दुसऱ्यांच्या मनातल्या बारीकसारीक खुणा आपल्याला वाचता येत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. मिन्स्कींवरच्या अन्यायाबद्दल बोलणं आपल्याला आजही बरोबर वाटतं, पण एपस्टीनने स्त्रियांवर केलेल्या अन्यायाचा उल्लेखही न करणं चुकलं, असंही. ते निवेदन मी दोन-तीनदा वाचलं. मला ते खरं वाटलं.

मी तेव्हा कुठल्याच पत्रावर सही केली नाही. पहिल्या पत्राची भाषा मला फार धारदार वाटली आणि दुसऱ्या पत्रात त्या स्त्रियांसाठी जागाच नव्हती.

त्यांना ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू मला आतून माहीत आहे, कारण मी बराच काळ तिथेच उभा होतो. १९९८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी 'ओपन सोर्स' हे दुसरं नाव पुढे आलं ते मुद्दाम. स्वातंत्र्य, नीती, हक्क हे शब्द कंपन्यांच्या बैठकीत जड होतात, म्हणून सोयीचं, कामाचं, चांगला कोड तयार करणारं नाव हवं होतं. ते चाललंही. आज जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्या कोडवर उभ्या आहेत आणि आपल्या खिशातल्या फोनमध्ये आपल्याला न विचारता काय चालतं, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. ज्या काळात सगळे हळूहळू तडजोडी करत होते त्या काळात हा एक माणूस हटून बसला. जे सांगितलं तेच जगला. आपण ज्याचा सोर्स कोड वाचू शकत नाही ते सॉफ्टवेअर वापरायचं नाही म्हणजे नाही, मग त्यापायी कितीही गैरसोय होवो. अशा माणसाला बाजूला करायचं तर त्याच्या आडून तो हट्टही बाजूला केला जाईल, ही भीती खोटी नाही. २०२१ मध्ये त्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांमध्ये असेही होते ज्यांना तो हट्ट फार आधीपासून नको होता. शिवाय माणसांत मिसळताना चाचपडणाऱ्या एका माणसाला त्या चाचपडण्याची शिक्षा देतोय का आपण, हा प्रश्न मला अजूनही टोचतो.

तरीही स्लाइडवरून फोटो मी काढून टाकला. कारण सांगायला जरा कोडमध्ये शिरावं लागेल.

जीपीएलच्या छायेतलं कुठलंही जुनं सॉफ्टवेअर उघडा, त्यात 'कॉपीइंग' नावाची फाइल सापडते. परवान्याचा मजकूर तिथे असतो आणि जुन्या आवृत्तीत सुरुवातीलाच फाउंडेशनचा टपालाचा पत्ता. माझ्या मशीनवर तीन वेगवेगळे पत्ते सापडले: केंब्रिजमधला मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवरचा, बॉस्टनमधला ५९ टेम्पल प्लेसचा आणि ५१ फ्रँकलिन स्ट्रीट, पाचव्या मजल्याचा. संस्था बिऱ्हाडं बदलत गेली आणि प्रत्येक बिऱ्हाडाची खूण कोडमध्ये राहून गेली. त्या मुलीशी बोलणं झालं त्या रात्री मी त्या फायलींमध्ये 'स्टॉलमन' हा शब्द शोधला. एकदाही नाही. दुसऱ्या आवृत्तीत नाही, तिसऱ्या आवृत्तीत नाही. ज्या माणसाने आयुष्य ओतून हा दस्तऐवज उभा केला त्याने त्यात स्वतःचं नाव कुठेही ठेवलेलं नाही. मी ती फाइल बंद केली आणि बराच वेळ तसाच बसलो.

नाव नाही, पण संस्था आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या नवव्या कलमात म्हटलंय की फाउंडेशन वेळोवेळी परवान्याच्या नव्या आवृत्त्या काढू शकेल. आणि हजारो प्रोग्रामांच्या माथ्यावर एक ओळ असते: ही आवृत्ती, किंवा तुम्हाला हवी असल्यास यानंतरची कुठलीही. लिहिणाऱ्यांनी आपल्या कामाचं भवितव्य असं विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेलं असतं. पुढची आवृत्ती कशी असेल हे तेव्हा त्या मंडळावर कोण बसलंय त्यावर ठरणार. (लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, ही ओळ घेतलेली नाही, तो दुसऱ्या आवृत्तीवरच थांबलाय.) त्यामुळे मंडळावरची जागा म्हणजे केवळ मान नव्हे. तिथे बसणारा माणूस अनोळखी माणसांनी ठेवलेली ठेव सांभाळतो, आणि ठेव सांभाळणाऱ्याकडून लोक जे मागतात ते बुद्धीच्याही आधी भरवशाचं असतं. आपण मुख्य संस्थापक आहोत म्हणून ती जागा आपोआप आपली, असं त्यात कुठेच बसत नाही.

या चळवळीला हे कळत होतं, नेत्याच्या बाबतीत नाही तरी कोडच्या बाबतीत तरी. जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम), १९८७ पासूनचा, स्टॉलमन यांच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक. नव्वदच्या दशकात त्याचं काम फार धिम्या गतीने चाललं होतं. बाहेरून आलेल्या सुधारणा महिनोन्महिने पडून राहायच्या. १९९७ मध्ये काही जणांनी कोड उचलला आणि 'इजीसीएस' नावाने वेगळी चूल मांडली. परवानगी लागलीच नाही, परवान्यानेच ती आधी दिली होती. आणि एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने मोठं मन दाखवलं: वेगळ्या चुलीवरचं चांगलं शिजतंय हे मान्य करून तेच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारलं. मला हा प्रसंग त्या प्रिंटरच्या गोष्टीहूनही मोठा वाटू लागलाय. घर ज्याने बांधलं त्याच्याविना घर चालवायची सोय त्यानेच पायाभरणीत करून ठेवली होती आणि वेळ आली तेव्हा ती चालली. २०२१ च्या जूनमध्ये त्याच जीसीसीने, आपल्या योगदानाचे हक्क फाउंडेशनच्या नावे करून देण्याची सक्ती उठवली. ती ठेव मागे घेण्याचीच सुरुवात होती. त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ग्नूचे वीसेक प्रोग्राम सांभाळणाऱ्यांनी मिळून एक छोटं निवेदन काढलं होतं. पहिल्याच वाक्यात स्टॉलमन यांच्या दशकांच्या कामाचं ऋण मानलं होतं आणि लगेच पुढे म्हटलं होतं की त्यांच्या वागण्याने सगळ्या वापरकर्त्यांना बळ देण्याच्या मूल्यालाच धक्का बसलाय, सबंध ग्नूच्या वतीने त्यांनी एकट्याने बोलू नये. ऋण एका जागी आणि प्रतिनिधित्व दुसऱ्या जागी ठेवता येतं, हे मला तिथे पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त कार्यप्रणालीचा रस्ता आणखी वेगळा. इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये तो सुरू केला, स्वतःच्या आणि तेव्हाच्या मैत्रिणीच्या नावातून त्याचं नाव घडवलं, आणि १९९६ मध्ये सूत्रं दुसऱ्याकडे दिली. आता तिथे दरवर्षी मतदानाने नेता निवडला जातो. २०२१ मध्ये स्टॉलमन यांच्याबद्दल डेबियनने काही म्हणावं का, यावर मतदान झालं. जिंकला तो पर्याय असा की आम्ही याबाबत जाहीर निवेदन काढणार नाही. काहींना तो पळपुटेपणा वाटला. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते नंतर घडलं. तेव्हा कुणी कसं मत दिलं हे नावानिशी सगळ्यांना दिसायचं आणि या विषयावर तसं मत द्यायला कित्येकांना धास्ती वाटली. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी मतदान गुप्त केलं. एका माणसाबद्दल मत देताना स्वयंसेवकांना भीती वाटावी, हे मी विसरू शकत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी २०१८ मध्ये आपण होऊन निर्णयाचे हक्क सोडले, मागे पाच जणांची निवडून आलेली समिती आली, भाषा चालू आहे.

फाउंडेशनकडे असं दार नव्हतं. संस्थापक गेला तर कसा जाईल, परत आला तर कुणाला विचारून येईल, हे कुणी बसून ठरवलंच नव्हतं. म्हणून २०१९ चा राजीनामा धक्क्यासारखा आला आणि २०२१ चं परतणं त्याहून मोठ्या धक्क्यासारखं. माझा खरा राग तिथे आहे. ईमेल एका माणसाची होती. कर्मचाऱ्यांच्या पाठीमागे त्याला परत आणणं हे संस्थेचं काम होतं, आणि ती संस्था जगाला सांगत होती की ज्या यंत्रावर तुमचं आयुष्य चालतं त्याच्या आत काय आहे हे बघायचा तुम्हाला हक्क आहे.

त्या मुलीकडे परत येतो. हजेरीच्या कागदावर तिचं नाव आहे. पुढे ती कधी आली नाही. तिने कुठल्या प्रकल्पात काम केलं की हा नादच सोडला, मला माहीत नाही, आणि फोटोमुळेच सोडला असेल असंही म्हणत नाही. पण आलेल्यांची यादी आपल्याकडे असते. दारातून आत बघून परत फिरलेल्यांची नसते. स्टॉलमन यांचं योगदान आपण मोजू शकतो, कारण ते ओळी-ओळींनी फायलींत आहे. दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं तेच दिसत नाही, म्हणून आपण ते पारडं रिकामं धरून चालतो. मी वर्षानुवर्षं तेच केलं. दर वेळी खोलीत मुली कमी का असतात, असं आयोजकांना विचारायचो, आणि मग वळून तो फोटो पडद्यावर लावायचो.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ग्नूच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात स्टॉलमन यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचं सांगितलं. दाढी नव्हती. मी ते चित्रीकरण बघितलं आणि मला रडू आलं. त्यांना मंडळाच्या खुर्चीवरून उठवावं असं मला आजही ठामपणे वाटतं. त्यांनी भरपूर जगावं, लिहावं, बोलावं, भांडावं, हेही तितकंच वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटण्यात मला काही विचित्र वाटत नाही. घरातल्या थोरल्या माणसाच्या हातून किल्ल्या घेताना कुठल्याही घराला असंच होत असेल.

आता पहिल्या स्लाइडवर 'कॉपीइंग' फाइल असते, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मी ती वरपासून खाली हळूहळू सरकवतो, पत्ता दाखवतो, चार हक्क दाखवतो. प्रिंटरची गोष्ट त्यानंतर येते. अजून मला ती तितकीच आवडते. मग कुणीतरी विचारतंच, "हे लिहिलं कोणी?" मी नाव सांगतो. १९८३ सांगतो, २०१९ सांगतो, २०२१ सांगतो, आणि इजीसीएसही. पूर्वी पाच मिनिटांत व्हायचं, आता वीस लागतात. आयोजक घड्याळ दाखवतात. मी पुढच्या दोन स्लाइड गाळतो.